बांधावरची पाथरी

रानभाज्यांचा विषय निघाला की पुढच्या टपालात एक प्रश्न हमखास असतो, ‘पान तोडल्यावर दूध निघालं, म्हणजे ती पाथरीच ना?’ नाही. दूध रुईलाही येतं, शेरालाही येतं आणि अंगणातल्या नायटीलाही येतं. दुधावरून पाथरी ठरवू नका.

मग ठरवायची कशी? पाथरी, म्हणजे लाउनिया प्रोकम्बेन्स, सूर्यफुलाच्या कुळातली. सॅलडमध्ये घालतात ते लेट्यूस हिच्याच गोतातलं. पानं मुळाशी गोलाकार, जमिनीला टेकून पसरलेली, कडा आत कातरलेल्या आणि त्या कडांना पांढरट बारीक दाते. नायटीची पानं दांड्यावर जोडीजोडीनं येतात, तिथंच फरक कळतो. फूल पिवळं. खरं तर तो फुलांचा गुच्छ आहे. जिला आपण पाकळी म्हणतो ते एकेक स्वतंत्र फूल. टोकाशी नीट पाहा, पाच चिमुकले दाते दिसतील. सूर्यफुलाच्या मधोमध असते तशी तबकडी हिला नसते. पुढे बी धरतं, त्याला रेशमी पांढरे केस येतात आणि वाऱ्यावर म्हाताऱ्या उडतात.

सोंकस नावाची हिची एक बहीण शेतात उंच वाढते, तिची पानं दांड्याला कवळ घालून बसतात. ती चुकून टोपलीत आली तर बिघडत नाही. गाजर गवताचं कोवळं रोपही असंच जमिनीलगत पसरतं, पण त्याला दूध नसतं. ते घेऊ नका.

पाथरीचा कडवटपणा त्या दुधातच असतो. लॅक्ट्युसिनच्या जातीची द्रव्यं त्यात असतात. किडा पान चावतो, चीक तोंडाला लागतो, किडा दुसरीकडे जातो. दांडा वर येऊन फुलू लागला की कडूपणा वाढतो, म्हणून खायला कोवळी घ्यावी.

आता ज्यासाठी आज मुद्दाम बसलोय ते सांगतो. फवारलेल्या बांधावरची पाथरी खाऊ नका. रानभाजी म्हणजे बिनविषारी, असं आपण धरून चालतो. आजी तोडायची तेव्हा बांधावर खुरपं चालायचं, आता पंप चालतो. गव्हात, मक्यात, उसात टू-फोर-डी मारतात ते कशासाठी? रुंद पानांची तणं मरावीत म्हणून. गहू उभा राहतो आणि मरते ती पाथरी. म्हणजे ते औषध हिच्याच नावानं पंपात भरलेलं असतं, आणि आपण मागून टोपली घेऊन जातो!

‘पण पान तर हिरवंगार होतं हो!’ असणारच. बांधावर मारतात ते ग्लायफोसेट हे तणनाशक आंतरप्रवाही आहे. पानातून शिरतं, मुळापर्यंत उतरतं आणि पान पिवळं पडायला काही दिवस जातात. नेमक्या त्या दिवसांत ती पाथरी कोवळी, ताजी दिसते. मिठाच्या पाण्यात धुतली म्हणून सांगतात. धुतल्यानं माती जाते, पानावर बसलेलं थोडंफार जातं. पानाच्या आत शिरलेलं कसं जाणार? शिजवून जाईल या भरवशावरही राहू नका. शेंडे पिळवटलेले, पानं वेडीवाकडी दिसली तर त्या बांधाकडे फिरकू नका. नाही दिसली तरी शेताच्या मालकाला विचारा. विचारायला कसली आलीय लाज? भाजी त्याच्या रानातलीच आहे ना!

आणि ही भाजी आपण मायेनं देतो कुणाला? ओल्या बाळंतिणीला! दूध वाढतं म्हणून. पाथरीतून दूध निघतं म्हणून आईलाही दूध येतं, हा हिशेब मला पटत नाही. पण पालेभाजी म्हणून खुशाल द्या. मात्र कुठून आणली हे माहीत नसेल तर तिच्या ताटात वाढू नका. सासूबाई रागावल्या तर रेडिओवर सांगितलं म्हणा, माझं नाव पुढे करा.

पाथरीच्या कच्च्या घोळाण्याचंही विचारलंय. पानं चिरून कांदा, दाण्याचं कूट, तिखट-मीठ, वरून थोडं तेल. एक ताई लिहितात की कडूपणा जावा म्हणून दोनदा उकडून पाणी ओतून देते. मग ताई, पाथरी खाता कशाला? कोबीच आणा की!

‘मग चांगली पाथरी मिळायची कुठं?’ परसात. ऊन असलेल्या दिवशी म्हातारी धरलेली बोंडं सकाळीच, वारा सुटायच्या आत खुडा. बी केसांसकट कुंडीतल्या ओल्या मातीवर भुरभुरा, वर अगदी पातळ माती टाका, खोल पुरू नका. पानं खुडताना मूळ उपटू नका, त्याच मुळातून पुन्हा फुटतात. आणि शेजाऱ्याच्या शेतातला पंप आपल्या कुंपणाला लागून चालत असेल, तर कुंडी घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.