ऐकू आलं तेवढंच लिहा



मेडिकलला नंबर लागला नाही तर पुढे काय, असं मघाशी तुमच्यापैकी काही विद्यार्थिनींनी मला विचारलं. म्हणून मी शिकवते त्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनबद्दलच बोलते.

अमेरिकेतले अनेक डॉक्टर रुग्ण तपासला की त्याची माहिती तोंडी सांगून रेकॉर्ड करतात. ते ऐकून रिपोर्ट लिहिणं म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. नव्वदच्या दशकात ही रेकॉर्डिंग्ज भारतात येऊ लागली. तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस, त्यामुळे तिथल्या सकाळपर्यंत रिपोर्ट टाइप होऊन तयार. मग गल्लोगल्ली क्लास निघाले. त्यातल्या कित्येकांनी भरमसाट फी घेऊन नुसतं टायपिंग शिकवलं, याचा मला आजही राग येतो.

हे काम कानाचं आहे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. डॉक्टर घाईत, कधी तोंडात घास असताना बोलतात. त्यात काही शब्द जवळपास सारखेच ऐकू येतात. 'डिसफेजिया' म्हणजे गिळायला त्रास, 'डिसफेझिया' म्हणजे बोलण्यात अडचण. पक्षाघाताच्या रुग्णाला यातलं काहीही होऊ शकतं, म्हणजे संदर्भही मदतीला येत नाही. औषध पंधरा मिलिग्रॅम की पन्नास? इंग्रजीत फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच लागतात.

अशा वेळी पुन्हा ऐकायचं, वरिष्ठांना ऐकवायचं. तरीही उलगडलं नाही, तर जागा रिकामी सोडून रेकॉर्डिंगमधली वेळ नोंदवायची. अंदाजाने काहीही लिहायचं नाही. हुशार मुलांना हेच सगळ्यात जड जातं, कारण उत्तर येवो न येवो, पेपर कोरा सोडू नकोस, असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

आता पहिला मसुदा बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर लिहितं. नुसतं टायपिंग येणाऱ्यांची कामं त्यामुळे कमी झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. उरलं आहे ते तपासनिसाचं काम, आणि ते अधिक अवघड आहे. न कळलेल्या जागी सॉफ्टवेअर बिनचूक व्याकरणाचं चुकीचं वाक्य लिहून जातं. वाचताना कुठे अडखळायलाही होत नाही. ते पकडायला शरीररचना, औषधं, शस्त्रक्रिया यांचा पक्का अभ्यास हवा.

तेव्हा कुठल्याही क्लासला पैसे भरण्याआधी विचारा: डॉक्टरांच्या आवाजातलं डिक्टेशन किती तास ऐकवता? माझ्या चुका कोण तपासणार? नोकरीची हमी आधी आणि अभ्यासक्रम नंतर सांगत असतील, तर उठून या.

हे काम करून पाहायचं असेल, तर परीक्षा संपल्यावर प्राचार्यांनी एक वर्ग उपलब्ध करून द्यावा. रुग्णांची नावं काढलेली सरावाची डिक्टेशन्स आणि हेडफोन मी घेऊन येते.