दार उघडे आहे, पण बोलावणे आहे काय?



१९८३ च्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणकाची आज्ञावली वापरण्याचा, वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क सर्वांना असला पाहिजे, या विचाराची ती सुरुवात होती. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा प्रारंभ केला. आज प्रत्येक अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. कोणा एकाच्या मालकीची नसलेली एवढी मोठी मालमत्ता सहकार्यातून उभी राहावी, ही सामान्य घटना नव्हे.

परंतु मालमत्ता सामाईक झाली की तिची निगा राखणारे हात आपोआप पुढे येतात, हा भ्रम होय. कोणालाही मज्जाव नाही, एवढेच परवाना सांगतो. मज्जाव नसणे आणि बोलावणे असणे यांत फार अंतर आहे.

ते अंतर किती, हे ग्नोम या प्रकल्पाने अनुभवले. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी खिडक्या-चिन्हांची मांडणी घडविणारा हा प्रकल्प. २००६ मध्ये गूगलच्या विद्यार्थी-योजनेखाली त्याच्याकडे १८१ अर्ज आले. त्यांत एकाही स्त्रीचा अर्ज नव्हता. नियमांत स्त्रियांना बंदी कोठेच नव्हती. तेव्हा प्रकल्पाने स्त्रियांसाठी वेगळी योजना जाहीर केली, विद्यावेतन ठेवले, मार्गदर्शनाची हमी दिली. आणि शंभराच्या आसपास अर्ज आले. ज्यांना या कामात रस नाही असे समजले जात होते, त्या केवळ बोलावण्याची वाट पाहत होत्या. त्याच बीजातून पुढे आउटरीची ही योजना वाढली आणि ती ग्नोमपुरती राहिली नाही.

आत पाऊल टाकल्यावर काय होते, हा पुढचा प्रश्न. नवागत भीत भीत पहिली दुरुस्ती पाठवितो. महिनोन् महिने उत्तर येत नाही, किंवा येते ते उपहासाचे. तो पुन्हा फिरकत नाही आणि त्याच्या जाण्याची नोंद कोठेही होत नाही. लिनक्सच्या चर्चेतील कठोर भाषेला दीर्घकाळ गुणवत्तेची कसोटी मानले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, कामातून काही काळ विश्रांती घेतली आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. त्यानंतर लिनक्सचे काम ढासळले नाही, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून चालणार नाही. अनोळखी माणसाला आत घेणे धोक्याचे नाही काय? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लहानशा पण जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत चोरवाट आढळली. जिया तान असे नाव धारण करणाऱ्या नवागताने दोन वर्षांहून अधिक काळ निष्ठेने काम करून विश्वास संपादन केला होता. मात्र त्या घटनेचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. प्रकल्प सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला होता, विनावेतन राबत होता. आणि काम दुसऱ्याच्या हाती द्यावे म्हणून अनोळखी नावांनी त्याच्यावर दडपण आणले जात होते. चोरवाट सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या बाहेरच्या अभियंत्याला, संगणकात प्रवेश होण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो याचा शोध घेताना. एकाकीपणाने दार उघडून दिले आणि उघड्या संहितेवर पडलेल्या दुसऱ्या नजरेने चोर पकडला. दहा जाणती माणसे तेथे असती, तर हे दडपण एकट्यावर आले नसते.

मग अशी माणसे का तयार होत नाहीत? कारण स्वागत हे सौजन्य समजले जाते. वस्तुतः ते श्रम आहेत. नवख्याला पेलतील अशी लहान कामे बाजूला काढून ठेवणे, कामाची रीत सोप्या भाषेत लिहिणे, वेळेवर उत्तर देणे, नकार द्यावा लागला तर त्याचे कारण समजावणे, यात जाणत्या माणसाचे तास जातात. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला, तेव्हा इंटरनेटवरील व्यवहारांना संरक्षण देणाऱ्या ओपनएसएसएलसाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस अवघा एक होता. त्याच्या कामावर बड्या कंपन्यांचा व्यापार चालत होता. अशा माणसाने नवागतांना शिकवावे तरी केव्हा? जे या सामाईक शेतातले पीक नेतात, त्यांनी शिकविण्याच्या वेळेचे मोल दिलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट. नवागत केवळ संहिता लिहिणाराच असतो असे नाही. दोष कळविणारा, माहितीपत्रक सुधारणारा, मराठीत भाषांतर करणारा, हेही त्याच पंक्तीचे कामकरी आहेत. इंग्रजी तोडकी आहे म्हणून ज्याचे म्हणणे ऐकले जात नाही, त्याच्यापुरते दार बंदच राहते.

स्वागताची शेवटची कसोटी अधिकाराच्या वाटपात आहे. पायथन भाषेचे जनक खिडो फान रोसुम २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या अधिकारावरून दूर झाले आणि २०१९ पासून तो अधिकार निवडलेल्या पाच जणांच्या मंडळाकडे आहे. ज्या प्रकल्पात काल आलेला माणूस उद्या निर्णय घेणाऱ्यांत बसू शकतो, तेथेच त्याला बोलावण्यात अर्थ आहे. नुसते राबण्यासाठी दिलेले आमंत्रण हे बिनपगारी नोकरीचेच दुसरे नाव ठरेल.