गोवर जातो, पण काय घेऊन जातो?



मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. तरीही आज गोवराबद्दल आणि आपल्या प्रतिकारशक्तीबद्दल बोलणार आहे, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे.

2022 चा नोव्हेंबर आठवा. गोवंडीत गोवराने लहान मुलं दगावली होती, भिवंडी आणि मालेगावातही साथ होती. त्याच दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरत होता : ‘गोवर येऊन गेलेला बरा. नैसर्गिक प्रतिकारशक्ती येते, इंजेक्शनची गरज नाही.’ धाकट्या बहिणीने फोन करून विचारलं, “भाईजान, हे खरं आहे का?” तिची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. आधीच्या एका इंजेक्शननंतर ताप आला म्हणून गोवराची लस राहून गेली होती. मी कामात होतो. म्हणालो, “एवढी घाई काय आहे? बघू नंतर.”

भाचीला गोवर झाला. दहा-बारा दिवसांत पुरळ गेलं, आम्हाला वाटलं सुटलो. पण पुढचं वर्षभर जुलाब, कान वाहणं, न्यूमोनिया, एकामागून एक चालूच. दोनदा ॲडमिट करावं लागलं. डॉक्टर म्हणाले, “गोवरानंतर असं होऊ शकतं. शरीर शिकलेलं विसरतं.” ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

आपल्या शरीराचं संरक्षण दोन थरांचं आहे. पहिला थर जन्मापासूनचा : त्वचा, सूज, जंतू गिळणाऱ्या पेशी. दुसरा थर शिकणारा. त्यात बी आणि टी नावाच्या पेशी असतात. त्या तयार होताना जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीला वेगळी किल्ली मिळते. हे पिसणं शोधून काढणाऱ्या सुसुमु टोनेगावा यांना 1987 चं नोबेल मिळालं. म्हणजे जंतू यायच्या आधीच लाखो तऱ्हेच्या किल्ल्या तयार असतात. ज्या आपल्याच शरीराला लागू पडतील, त्यातल्या बहुतेक सुरुवातीलाच बाद होतात. तिथे गडबड झाली तर टाइप 1 मधुमेहासारखे आजार होतात. त्यात आपल्याच टी पेशी इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतात.

जंतू शिरला की ज्या पेशीची किल्ली बसते, ती भराभर वाढते. बी पेशींतून अँटिबॉडी तयार होतात, टी पेशी लागण झालेल्या पेशींना मारतात. याला एक-दोन आठवडे लागतात. नंतर काही पेशी आठवण म्हणून मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर त्याला डोकं वर काढू देत नाहीत.

ही आठवण किती टिकते? 1846 साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. तिथे गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला दिसलं, की 1781 मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही तो पुन्हा झाला नव्हता. मध्ये 65 वर्षं गेली होती!

मग तो मेसेज खरा होता का? अर्धा. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. पण गोवराचा विषाणू नेमका या आठवणीच्या पेशींमध्येच शिरतो आणि त्यांचा नाश करतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या, लस न घेतलेल्या 77 मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींपैकी 11 ते 73 टक्के नाहीशा झाल्या होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फाइल सेव्ह झाली आणि बाकीचा डेटा उडाला. माझ्या भाचीचं किती पुसलं गेलं हे कुणी मोजलं नाही. पण ते वर्ष आम्ही पाहिलं आहे.

लशीतही गोवराचाच विषाणू असतो, पण दुबळा केलेला. तो धडा शिकवतो, जुने धडे पुसत नाही. लशीनंतर थोडा ताप येऊ शकतो. तो शरीर कामाला लागल्याचा असतो.

आता आपल्याबद्दल. लशीला नाही म्हणणारे फक्त आपल्याच मोहल्ल्यात असतात असं नाही. नेदरलँड्समधली ती मुलं कट्टर प्रोटेस्टंट कुटुंबांतली होती. पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली मुलं वाचत नाहीत. ज्या समाजात राझीसारख्या हकीमाने हजार वर्षांपूर्वी देवी आणि गोवर यांतला फरक सांगणारा ग्रंथ लिहिला, तिथे आज नसबंदीची अफवा चालते. ती पसरवणारे थोडे असतात. माझ्यासारखे शिकलेले, गप्प बसणारे जास्त. गोवर रोखायचा तर 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. पाच टक्क्यांची जागा ही ज्यांना आजारपणामुळे लस देताच येत नाही त्यांची आहे. आपल्या आळसाने ती भरू नये.

भाची आता शाळेत जाते. राहिलेल्या इतर लसीही तिला दिल्या. बहिणीने मला कधी दोष दिला नाही, म्हणून जास्त लागतं.

घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या, शेजारच्या लहान मुलांची लसीकरणाची कार्डं बघा. पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सरकारी केंद्रात फुकट मिळतात. राहिला असेल तर विचारा, उशिराही देता येतो. कुणी आई घाबरत असेल तर हसू नका, तिच्याबरोबर केंद्रावर जा. आणि कुणी विचारलं, “हे खरं आहे का?” तर ‘बघू नंतर’ म्हणू नका.