"कुठल्या देशाची ग तू?"

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. दरवर्षी वर्धापनदिनाला माझी जागा वडाभाताच्या पातेल्यापाशी असते, माईकपाशी नसते. यंदा सचिवबाईंनी माझे नाव भाषणाच्या यादीत घातले आणि म्हणाल्या, विषय तुमचा तुम्हीच निवडा. मी चार दिवस विचार केला. शेवटी ठरवले, की ज्या गोष्टीची मनातून लाज वाटते तीच चारचौघींत बोलून टाकावी. त्या गोष्टीत तुमच्यापैकीही बऱ्याचजणी होत्या, तेव्हा कोणी राग मानू नये.

दोन वर्षांपूर्वी, मृगाच्या सुमारास, आमची वरची खोली रिकामी झाली. एका मुलीचा फोन आला. एका खाजगी दवाखान्यात तिला नर्सची नोकरी लागली होती. मराठी स्वच्छ, फक्त हेल कोकणीसारखा. "काकू, मला दोन वेळचा डबा पण लागेल हं," म्हणाली. भाडे ठरले, मी होकार दिला. तासाभराने दार वाजले. दारात एक उंच मुलगी, हातात बॅग, रंग काळाभोर, केस अगदी बारीक कुरळे. मला वाटले आफ्रिकेतली कोणी विद्यार्थिनी पत्ता चुकली. ती म्हणाली, "काकू, मघाशी फोन केला होता ना, तीच मी." आणि माझ्या तोंडून निघाले, "अगबाई, खोली तर गेली!"

ती काही बोलली नाही. मागे माझी लेक उभी होती. तिने विचारले, "आई, तासाभरात कोणाला दिलीस?" मला उत्तर सुचले नाही. भगिनींनो, ती खोली तिला मिळाली ती माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. लेकीसमोर खोटे पडले म्हणून मिळाली. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणाच्या गोष्टी बोलू लागले तर तुम्हाला माझी पायरी ठाऊक असेल.

मुलगी उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ तालुक्याची. जात शिद्दी. घरी कोकणी बोलतात, बाजारात मराठी आणि शाळेत कानडी. आमच्या गल्लीत तिला पहिल्या आठवड्यात सतरा जणांनी विचारले असेल, "कुठल्या देशाची ग तू?" ती म्हणायची, "हल्याळची." कोजागिरीला मी तिला मंडळात घेऊन आले, तेव्हा इथेच, याच सभागृहात, एकीने विचारले, "हल्याळ आफ्रिकेत कुठे येते?" आणि सगळ्या हसल्या. दुसरीने तिच्या केसांना हात लावून पाहिला, खरे आहेत की टोप म्हणून. मीही हसले. तिने दुधाचा पेला पूर्ण संपवला, निरोप घेतला, आणि पुन्हा मंडळात आली नाही.

पुढे तिची माझी ओळख वाढली ती उन्हाळ्यात. नवतपा सुरू झाला की वरच्या खोलीत बसणे अशक्य. रात्रपाळी करून आलेली पोर दुपारी खाली कूलरपुढे चटई टाकून निजायची. उठल्यावर मी भाजी निवडत बसे, ती मदत करी. मी एकदा विचारले, "लोक विचारतात त्याचा राग येतो का ग?" ती म्हणाली, "काकू, आफ्रिकेहून आमच्या कोणत्या आज्याचा आजा आला ते आमच्या गावात कोणालाच ठाऊक नाही. तिकडची भाषा आम्हाला येत नाही. इथले लोक म्हणतात तुम्ही तिकडचे, आणि तिकडचा कोणी भेटला तर तो म्हणतो तुम्ही तर इंडियन. मग आम्ही कुठले, ते तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? मेथी निवडत राहिले.

तिच्या लोकांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. पण पूर्वजांची पूजा सगळ्यांत चालते, आणि डमामी नावाचे ढोल वाजू लागले की धर्म विचारायला कोणी थांबत नाही. गोव्यात पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेली माणसे पळून घाटातल्या रानांत शिरली, त्यांतले बरेचसे आपले पूर्वज, असे तिच्याकडे सांगतात. त्या जिल्ह्यातील शिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीत घेतले, आणि बेळगाव-धारवाडकडच्यांना 2020 मध्ये. त्याच साली शांताराम शिद्दी यांना कर्नाटकाच्या विधान परिषदेवर नेमले. शिद्दी समाजातून आमदार झालेले ते तिथले पहिलेच.

माझी लेक बी. ए. ला आहे. तिने वाचनालयातून पुस्तके आणली, मोबाईलवर काही शोधले, आणि जेवताना मला सांगू लागली. मला शिद्दी म्हटले की शाळेतला पन्हाळ्याचा वेढा आठवे, शिद्दी जौहर, साल 1660. परीक्षेला यायचा. पण त्याच धामधुमीत शिवाजी महाराजांच्या बाजूने लढलेला शिद्दी हिलाल होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. कदाचित सांगितले असेल, मीच लक्ष दिले नसेल.

आणि मलिक अंबर! हा 1548 च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. नाव चापू होते म्हणतात. लहानपणी विकला गेला, हातोहात बाजार फिरत बगदादवरून दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या पेशव्याने त्याला विकत घेतले. तो पेशवाही हबशीच होता. हाच अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळ घालून त्याने शहराला पाणी आणले. आपल्याकडे नळ एक दिवस आला नाही तर काय आकांत होतो ते आपण जाणतोच, तेव्हा चारशे वर्षांपूर्वी असे पाणी आणणाऱ्या माणसाचे कौतुक बायकांनी तरी करावे. 1624 ला भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरकर दोघांनाही हरवले, शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. जहांगीर बादशहाला तो हयातीत कधी सापडला नाही. मग बादशहाने काय करावे? अंबरचे तोडलेले मुंडके भाल्यावर लावले आहे आणि आपण त्याला बाण मारतो आहोत, असे चित्र काढवून घेतले. अंबर 1626 मध्ये आपल्या मरणाने मेला. कबर खुलदाबादला आहे. वेरूळला आपल्या मंडळाची सहल गेली होती तेव्हा आपण खुलदाबादवरूनच गेलो, पण कोणी उतरले नाही.

जंजिऱ्याचे शिद्दी तर नवाब होते. ते राज्य 1948 पर्यंत चालले, आणि त्यांची बहुतेक रयत मराठी बोलणारी.

लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी वरच्या मुलीलाही मुद्दाम सांगितली. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून अटलांटिक समुद्रापार नेलेली माणसे जवळजवळ 1 कोटी 25 लाख, त्यांतली जिवंत उतरली 1 कोटी 7 लाखांच्या आसपास. मी समजत होते ती सगळी अमेरिकेत गेली, कारण सिनेमात तेच दिसते. प्रत्यक्षात आजच्या अमेरिकेत थेट उतरली ती 4 लाखांहूनही कमी. एकट्या ब्राझीलमध्ये सुमारे 48 लाख. बाकीची क्यूबा, पोर्तो रिको, हैती, जमेका अशी पसरली. त्यांची नातवंडे-पणतवंडे कोणी स्पॅनिश बोलतात, कोणी पोर्तुगीज. अशी माणसे न्यूयॉर्कला गेली की गोरे त्यांना काळे म्हणतात, इंग्रजी बोलणारे काळे त्यांना स्पॅनिश म्हणतात, आणि स्पॅनिश बोलणारे म्हणतात, तुम्ही आमच्यासारखे दिसत नाही. हल्याळच्या पोरीचेच दुखणे, फक्त गाव दुसरे.

पोर्तो रिकोत 1874 साली आर्तुरो शोंबर्ग नावाचा मुलगा जन्मला. शाळेत त्याला बाईंनी सांगितले, की काळ्या लोकांना इतिहासच नाही, त्यांच्यात थोर माणसे झाली नाहीत. मुलाने ते मनात ठेवले. मोठा होऊन न्यूयॉर्कला नोकरी करता करता त्याने काळ्या लोकांनी लिहिलेली आणि त्यांच्याविषयीची हजारो पुस्तके, पत्रे, चित्रे जमवली. 1926 मध्ये तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने तो संग्रह विकत घेतला, आणि हार्लेम भागात त्याच्या नावाची संस्था आजही आहे. मला मात्र त्या बाईंचेच जास्त वाटले. वर्गात सहज एक वाक्य बोलून गेल्या असतील, नंतर विसरल्याही असतील. कोजागिरीला आपण हसलो, तसेच.

ती सारे शांतपणे ऐकून म्हणाली, "काकू, ते लोक आणि आम्ही एकाच घरचे असू, पण ओळख नाही." मग तिने मला जांबूरच्या हिराबाई लोबींविषयी सांगितले. गुजरातेत गीरच्या जंगलाजवळ शिद्दींचे गाव आहे. आईबापावेगळी पोर, आजीने वाढवली. तिने रेडिओ ऐकून ऐकून सरकारी योजना समजून घेतल्या, शेणखत-गांडूळखताचा धंदा बायकांना शिकवला, बालवाड्या काढल्या. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे त्याही एका महिला मंडळाच्याच बाई म्हणायच्या.

नागपूरकरांनी तर हा विषय परका मानू नयेच. जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतील गुलामांना मोकळे करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिकडचे काळे विद्वान ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, आणि त्यांनी आपुलकीने उत्तर दिले. दीक्षाभूमी आपल्या गावात, आणि मी दारात उभ्या पोरीला म्हणते खोली गेली!

आता घरची गोष्ट. माझी लेक सावळी आहे. सावळीही मी म्हणते, शेजारणी काळी म्हणतात. तिच्यासाठी स्थळे बघायची म्हणून मी कागद लिहून काढला, त्यात लिहिले, "रंग : निमगोरा." वरच्या मुलीला शुद्धलेखन तपासायला दिला. तिने वाचला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "काकू, वेलांटी बरोबर आहे." एवढेच. पण लेक ऐकत होती. तिने पेन घेऊन ती ओळ खोडली. मी चिडले, दोन दिवस दोघींशी धड बोलले नाही. एका घरून सरळ निरोपही आला, की रंगाचा उल्लेख नाही, म्हणजे समजायचे ते समजलो. तेव्हा मात्र मला तो कागद नव्हे, तो निरोप झोंबला.

मागच्या दिवाळीत तिची आई आली होती. येताना एक कवंदी घेऊन आली. आपली वाकळ असते ना, तशीच, जुन्या लुगड्या-परकरांच्या तुकड्यांची, पण त्या बायका कडेपासून शिवत शिवत मधोमध येतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या चिंध्यांची फुले लावतात, ती नसतील तर कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. ती माउली आमच्या ओसरीवर बसून दाखवत होती आणि शेजारच्या चार-पाचजणी टाचणी-दोरा घेऊन भोवती जमल्या. केसांना हात लावणारीही त्यात होती. तिने विचारले, "हा टाका कसा घालता हो ताई?" देश कोणी विचारला नाही.

ती कवंदी आज तिथे हळदीकुंकवाच्या टेबलावर ठेवली आहे. हात लावून पाहा, चालेल. मुलगी आज येणार आहे, सहाला तिची पाळी सुटते. सचिवबाई, तिच्यासाठी दूध राखून ठेवा.