कोर्टातला नकार आणि लंडनची वाट

वॉल्टर स्कॉटची ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ ही १८१८ सालची कादंबरी पुष्कळांनी वाचलेली आहे, तेव्हा गोष्ट सांगत बसत नाही. बोलायचंय ते तिची नायिका जीनी हिच्या सदसद्विवेकबुद्धीबद्दल.

तिच्या धाकट्या बहिणीवर, एफीवर, बालहत्येचा आरोप. तेव्हाच्या स्कॉटलंडचा कायदा असा, की बाईनं गरोदरपण लपवलं, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही आणि मूल मेलेलं सापडलं किंवा सापडलंच नाही, तर खून तिनंच केला असं धरायचं. ‘एफी मला दिवस गेल्याचं बोलली होती,’ एवढं जीनीनं कोर्टात म्हटलं, की बहीण सुटली. पण एफी तसं बोललीच नव्हती, म्हणून जीनी ते म्हणत नाही. म्हातारा बाप तिथंच कोसळतो. एफीला फाशी.

आणि आपले वाचक इथंच पुस्तक मिटतात! कुणी म्हणतं, सत्याची मूर्ती. कुणी म्हणतं, दगडाच्या काळजाची. अहो, ही एका बाजूनं भाजलेली भाकरी झाली! भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, तरी काम संपत नाही. निखाऱ्यावर धरावी लागते, तेव्हा ती फुगते. कोर्टातला नकार हा तवा. निखारे पुढं, लंडनच्या वाटेवर.

ती निघते, बरीचशी पायीच. आपल्या मुलखात अनवाणी. इंग्लंडात लोक हसतात म्हणून दिवसभर जोडे-मोजे. मग राणी कॅरोलाइनपुढं उभी राहून बहिणीचा जीव मागते, आणि तिथंही एक शब्द खोटा नाही. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: खरं बोलल्याची किंमत बहिणीच्या मानेवर पडली, ती जीनी स्वतःच्या पायांनी फेडते. ती पायपीट वगळून तिच्या विवेकाबद्दल बोलूच नका.

हे हवेतलं नाही. हेलन वॉकर नावाच्या खऱ्या बाईनं बहिणीसाठी असंच केलं होतं. १७९१ साली ती वारली. पुढं स्कॉटनं तिच्या थडग्यावर शिळा बसवली.



कादंबरीत एफीला माफी मिळते, १४ वर्षं स्कॉटलंडबाहेर राहण्याच्या अटीवर. त्यानंतरचा भाग पाल्हाळिक आहे, तो खुशाल चाळा. वाटेवरची प्रकरणं मात्र गाळू नका.