गॅमा किरणांचा स्फोट कसा पकडतात?

(कोजागरीला गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

सेक्रेटरींनी दहाच मिनिटं दिलीत, म्हणून थेट विषयावर येतो.

एखादा प्रचंड तारा कोसळून त्याचं कृष्णविवर होतं, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात, तेव्हा गॅमा किरणांचा झोत सुटतो. बहुतेक वेळा काही सेकंद, नाहीतर मिनिट-दोन मिनिटं. संपला की संपला, तोच तारा पुन्हा संधी देत नाही. आपलं वातावरण हे किरण अडवतं (बरंच आहे म्हणा!), त्यामुळे पकडायला अंतराळातच जावं लागतं.

पहिला स्फोट सापडला 2 जुलै 1967 ला, तोही भलत्याच कामावरच्या उपग्रहांना. अमेरिकेचे ‘व्हेला’ उपग्रह चोरट्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवून होते. जगाला ही गोष्ट कळली 1973 मध्ये.

आता आपल्या घरचं सांगतो. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ 28 सप्टेंबर 2015 ला वर गेला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या यंत्राच्या उभारणीत मुंबईची टीआयएफआर पुढे होती, पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता. 6 ऑक्टोबरला यंत्र सुरू केलं आणि त्याच दिवशी स्फोट नोंदला गेला! नाव जीआरबी 151006ए, म्हणजे तारीखच. गंमत अशी की यंत्राचं तोंड तिकडे नव्हतंच, स्फोट सुमारे 60 अंश बाजूला झाला होता. पण इतके जोरकस किरण यंत्राच्या भिंतीतूनही आत येतात. वरच्या मजल्यावर खलबत्ता कुटला की आपल्याला खाली कळतं ना, तसं.

मला विचाराल तर खरी कसोटी पुढेच आहे. अंतराळात भरकटणारे कणही यंत्रात खोटा गलका करतात. मग ओळखायचं कसं? यंत्राचे चार स्वतंत्र भाग आहेत. एकाच विंगेतले दिवे गेले तर आपण फ्यूज बघतो, चारही विंगांतले गेले तर वीज मंडळाला फोन लावतो. इथेही तेच. चारही भागांत एकाच वेळी आकडे चढले पाहिजेत. शिवाय इतर उपग्रहांशी वेळ ताडून बघतात. 151006ए ‘स्विफ्ट’ आणि ‘फर्मी’ या उपग्रहांनीही टिपला होता.

पाच वर्षांसाठी पाठवलेल्या या उपग्रहाने 22 नोव्हेंबर 2023 ला सहाशेवा स्फोट नोंदवला. आपल्या लिफ्टबद्दल मी काही बोलत नाही.

मुलांनो, आता प्रश्न विचारा. दूध आटायला अजून वेळ आहे.