वाय-फायचे दोन नळ



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, कर्ज असं सगळं बोलून झालं की हल्ली आणखी एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे नेट. "घरी वाय-फाय घेतलंय, दर महिन्याला पैसे जातात, पण मागच्या खोलीत काही चालत नाही." सेलूला जा, मानवतला जा, नाही तर गंगाखेडला, आम्हा सहयोगिनींना हे ऐकायला मिळतंच. मग कुणी तरी सुचवतं, "मोठा प्लॅन घ्या." मोठा प्लॅन घेतला तरी मागच्या खोलीत चकरी फिरायची ती फिरतेच. म्हणून आज आपण प्लॅनचं बोलणार नाही. घरात आलेलं नेट कोणत्या यंत्राला कोणत्या पट्ट्यावर द्यायचं, एवढंच समजून घेऊ. त्याला पैसे लागत नाहीत. अर्धा तास लागतो.

कुणी म्हणेल, हा विषय पोरांचा, बायकांच्या कार्यक्रमात कशाला? तर नेटवर पोटापाण्याचं काम घरात कोण करतं ते बघा. गटाच्या नोंदी मोबाइलवर भरायच्या त्या आपणच. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आपलीच. पापड-मसाल्याची ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते तीही आपल्याच फोनवर. आणि आपल्या बीसी सखींचं तर सगळं कामच नेटवर. घरातच टेबल टाकून त्या बसतात. गावातली म्हातारी माणसं निराधारचे पैसे काढायला त्यांच्याकडे येतात. अंगठा लावला आणि नेमकं तेव्हाच नेट तुटलं, तर खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, पण सखीच्या यंत्रावर पावती येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत खात्यात परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण ते पाच दिवस गावात बोललं जातं ते सखीबद्दल. पैसे परत येतात, विश्वास परत यायला वेळ लागतो.

दर वेळी दोष घरच्या नेटचाच असतो असं नाही. कधी बँकेची यंत्रणा बंद असते, कधी बाहेरची केबल तुटलेली असते. ते आपल्या हातात नाही. घरातलं मात्र आपल्या हातात आहे.

आता पट्टा म्हणजे काय ते बघू. वाय-फाय ही रेडिओचीच लहर आहे. तुम्ही आत्ता आम्हाला ऐकताय तो एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. म्हणजे ही लहर सेकंदाला साधारण नऊ-दहा कोटी वेळा हेलकावे घेते आणि तिच्या एका लाटेची लांबी सुमारे तीन मीटर भरते. परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झला लागायची, तिची एक लाट तर २३० मीटरची. आपल्या वाय-फायचे मुख्य पट्टे दोन, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ म्हणजे सेकंदाला २४० कोटी हेलकावे. तिची लाट साधारण अर्ध्या वितीची. ५ म्हणजे सेकंदाला ५०० कोटींच्या वर हेलकावे, आणि लाट जेमतेम तीन बोटांची.

मोटा हिशोब असा लक्षात ठेवा. लाट लांब असेल तर ती भिंतीपलीकडे जास्त टिकते. लाट आखूड असेल तर ती भिंतीत लवकर विरते. मात्र ५ च्या पट्ट्यात जागा मोठी असते, म्हणून जवळच्या जवळ ती खूप माल वाहून नेते. २.४ लांब जाते, पण हळू. ५ जोरात जाते, पण जवळच. यातला एक चांगला आणि दुसरा वाईट असं काही नाही. काम बघून पट्टा द्यायचा.

हेच मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात करून पाहिलेलं आहे. पालघर जिल्ह्यात खामलोली आणि आसपासच्या गावांत झाडी आणि डोंगर. तिथं आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं, प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखाली, टीव्हीच्या वापरात नसलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून पाहिलं. गावापर्यंतच्या लांब वाटेला लांब लाट, आणि गावात पोहोचल्यावर लोकांच्या फोनसाठी वाय-फाय. जशी वाट, तशी लहर. आपल्या घरात आपल्याला हेच करायचं आहे, फक्त डोंगराच्या जागी भिंती आहेत.

आता घरात नेट अडतं कुठं ते बघा. गावातला हापसा आठवा. एका वेळी एकच बाई पाणी भरू शकते. पुढं असलेलीचा हंडा भरेना, धार बारीक येतेय, तर मागच्या सगळ्या ताटकळतात. वाय-फायचंही तसंच आहे. एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. लांबच्या खोलीतलं जुनं यंत्र हळू बोलतं, म्हणून वेळ जास्त खातं. त्यात टीव्हीवर सिनेमा लागला की तो हंड्यावर हंडे लावतो. आपली बीसी सखी मात्र तांब्याभर पाण्यासाठी रांगेत उभी असते. अंगठ्याच्या व्यवहाराला नेट फार थोडं लागतं. त्याला वेग नको असतो, धार न तुटलेली हवी असते.

पण आपल्या बहुतेक नव्या राउटरला नळ दोन असतात, २.४ चा आणि ५ चा. टाकी एकच, म्हणजे बाहेरून आलेलं नेट तेवढंच. सगळं घर एकाच नळावर उभं असतं आणि दुसरा नळ मोकळा वाहतो, असं आम्ही कितीतरी घरांत पाहतो.

तर वाटणी अशी करायची. टीव्ही, लॅपटॉप, लेकरांचे व्हिडिओ, ऑनलाइन क्लास, जे राउटरच्या खोलीत किंवा एका भिंतीच्या आत आहे, ते ५ वर. दारावरचा कॅमेरा, वाय-फायचा बल्ब, प्रिंटर, जुने फोन हे २.४ वर. यातल्या बऱ्याच यंत्रांना ५ समजतच नाही. आणि मागच्या खोलीतला आपला कामाचा फोन २.४ वर. मोठे हंडे दुसऱ्या नळावर गेले की २.४ ची रांग कमी होते आणि आपलं काम अडत नाही. तुमचं टेबल राउटरच्या खोलीतच असेल तर मात्र कामाचा फोनही ५ वर ठेवा. टीव्ही राउटरच्या शेजारीच असेल आणि त्याला लॅन वायरची जागा असेल, तर त्याला वायरच जोडा. मग तो दोन्ही रांगांतून बाहेर.

हे करायचं कसं? राउटरच्या खाली किंवा मागं चिठ्ठी असते. तिच्यावर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड असतो. पुष्कळदा नावं दोन दिसतात, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं. इथं एक घोटाळा होतो. वाय-फायच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या सिमचं ५जी म्हणजे पाचवी पिढी. दोन्हींचा संबंध नाही. सिम ४जी असलं तरी फोनला ५ चं वाय-फाय चालू शकतं.

टीव्हीवर ५जी वाल्या नावाला जोडा आणि साधं नाव 'फर्गेट' करा, नाही तर वीज जाऊन आली की तो परत जुन्या नळावर जाऊन उभा राहतो. कामाच्या फोनवर याच्या उलट करा. नाव एकच दिसत असेल, तर कोणत्या यंत्राला कोणता पट्टा हे राउटर आपल्या मनानं ठरवतो. पुष्कळ घरांत ते ठीक चालतं. पण नवा कॅमेरा जोडताना अडत असेल, किंवा कामाचा फोन सारखा तुटत असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी करता येतात. त्यासाठीचा पत्ता त्याच चिठ्ठीवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. तो मोबाइलच्या ब्राउजरमध्ये टाकायचा. स्वतः जमत नसेल तर कनेक्शन देणाऱ्या मुलाला सांगा, "दोन पट्ट्यांची नावं वेगळी करून दे." एवढं वाक्य पुरतं.

गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून असतील तर आणखी एक गोष्ट. वाय-फायला परवाना लागत नाही. आपल्या देशात २.४ चा पट्टा २००५ साली असा खुला झाला, आणि ५ चा पट्टा २०१८ साली आणखी रुंद झाला. खुला म्हणजे सगळ्यांचा. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, चालू असेल तेव्हा मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांची गर्दी. मोंढ्यात चार लिलाव शेजारी शेजारी चालू असावेत आणि कुणाचं काही ऐकू येऊ नये, तसं होतं. २.४ मध्ये चॅनल १३ आहेत, पण ती एकमेकांवर चढलेली असतात. एकमेकांना न लागणारी तीनच, १, ६ आणि ११. शेजारी १ वर असेल तर आपण ६ किंवा ११ घ्यायचं. शेजारणीशी बोलून ठरवलं तर दोघींचं भलं.

आता जागेचं. कनेक्शन लावणारा मुलगा विचारतो, "कुठं लावू?" केबल पुढच्या दारातून येते, टीव्ही पुढच्या खोलीत असतो, आणि घरात असेल तो माणूस सांगून मोकळा होतो, "लाव टीव्हीमागं." आपलं घर माळवदाचं असेल तर भिंती हातभर जाड, मातीच्या. मध्ये दोन भिंती आल्या की ५ ची लहर संपलीच, आणि २.४ सुद्धा धापा टाकते. पत्र्याचा आडोसा असेल तर लहर त्यावर आपटून मागं फिरते. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, भांड्यांची मांडणी, पाण्याची टाकी, हे सगळे अडथळेच. आणि राउटर कोनाड्यात ठेवू नका. कोनाड्यात तो छान बसतो, पण तीन बाजूंनी भिंत येते.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर, उघड्यावर असावा. फायबरची तार काचेची असते, ती करकचून दुमडायची नाही, म्हणून जागा बदलायची तर त्या मुलाकडूनच बदलून घ्या. मध्ये जाडजूड भिंती असतील आणि पट्टा बदलूनही भागत नसेल, तर मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर नेऊन तिथं दुसरा छोटा राउटर लावणं हा पक्का उपाय. वायर १०० मीटरपर्यंत चालते. बाजारात भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचे रिपीटर मिळतात. पण साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. घ्यायच्या आधी हे माहीत असू द्या.

आणि मोठा प्लॅन घ्यायच्या आधी एक परीक्षा करा. मोबाइलवर स्पीड मोजायची सोय फुकट मिळते. आधी राउटरजवळ उभं राहून ५ च्या नावावर मोजा, आकडा लिहून ठेवा. मग आपल्या कामाच्या जागी बसून मोजा. राउटरजवळ आकडा प्लॅनएवढा येतोय आणि कामाच्या जागी पडतोय, तर दोष घरातला आहे, पट्टा किंवा जागा बदला. मोठ्या प्लॅननं काही होणार नाही. राउटरजवळही आकडा कमीच येत असेल, तर टाकीच भरत नाही. मग कनेक्शनवाल्याकडं तक्रार करा, तोच आकडा दाखवून.

मैत्रिणींनो, पाणी कुठं साठवायचं, धान्य कोणत्या कोठीत भरायचं, हे आपण घरात ठरवतो, कारण ते काम आपण करतो. नेटचं तसं झालेलं नाही. नेटचं बिल बचतीतून किंवा सखीच्या कमिशनमधून जातं, आणि राउटरची जागा ठरते टीव्ही बघून. भांडायचं काही कारण नाही. टीव्हीला ५ चा नळ दिला तर त्याचंही चांगलं चालतं आणि आपलंही. पण हे घरात बोलून दाखवावं लागतं: "ज्या खोलीत कमाईचं काम चालतं, तिथं नेट पोहोचलं पाहिजे. आधी ते बघू, मग बाकीचं."

पुढच्या बैठकीला येताना ते दोन आकडे कागदावर लिहून आणा, एक राउटरजवळचा आणि एक तुमच्या कामाच्या जागेचा. कागद बघून कुणाच्या घरी काय करायचं ते आपण मिळून ठरवू.